न फाटलेलं तिकीट

जुना कागद दुकानात शोधू नये.
दुकानात पोचेपर्यंत त्याला मिशा फुटतात,
भाव विचारला की तो आपल्याकडेच रोखून बघतो.

मी विचारतो शिरोड्याच्या बशीर खतीबला,
बाजाराच्या आदल्या संध्याकाळी,
जेव्हा रद्दीचा काटा मोकळा असतो आणि बशीरही.
विचारतो शाळेच्या शिपायाला, मे महिन्यात,
दप्तरखोली झाडायच्या आत.
वकिलाच्या कारकुनाला.
बंद पडलेल्या छापखान्यातले खिळे
वितळवायला नेले त्या माणसाला:
खिळे नेलेस, नमुन्यांची फाईल कुठं टाकलीस?
एकदा दशावताराच्या पेटाऱ्यात मिळालं,
राक्षसाच्या मुकुटाला आतून डकवलेलं
आंब्याच्या पेटीचं लेबल. हापूस अजून पिवळा.
आणि हो, माणूस गेल्याच्या घरीही गेलोय मी.
तेराव्याला नव्हे, चौदाव्या दिवशी.
एवढी लाज ठेवली आहे.

खाऱ्या हवेत कागद फार दिवस काढत नाही.
वाळवी मजकूर बघत नाही, सरसकट जेवते.
कसर चोखंदळ,
खळ जिथं जास्त, तिथून सुरुवात करते.

सतरा वर्षं मला बोटीचं तिकीट मिळत नव्हतं.
वेंगुर्ला ते मुंबई, डेक.
हजारो माणसं गेली या बंदरावरून
वळकटी, फणस, पाय बांधलेली कोंबडी घेऊन,
एकाच्याही घरात तिकीट कसं नाही?
बशीरनंच सांगितलं, पारड्यात वजन टाकता टाकता:
गेला त्याचं तिकीट उतरताना काढून घेत.
उरतं ते न गेलेल्याचं.
तू चुकीच्या घरांत विचारतोयस.

मुंबईला कोण जाणार होतं आणि गेलं नाही,
हे दारात उभं राहून विचारता येत नाही.
आधी पाणी मागावं लागतं,
मग काजूचा भाव, मग माकडांचा उपद्रव,
मग जरा गप्प बसावं लागतं.
उभादांड्याला रतन केळुसकर सोलं वाळत घालत होत्या.
त्यांनी प्रश्न पुरता होऊ दिला नाही.
"आसा मां," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

बिस्किटांचा डबा. रेशनकार्ड, विजेची बिलं,
घडी घातलेला कुणाचा तरी एक्स-रे.
रुमालात ते.
गुलाबी, कडक, चारी कोपरे जागेवर.
मे महिना, सन त्रेसष्ट,
मोसमातली शेवटची बोट.
बोटं कोकमानं लाल, म्हणून त्यांनी ते
दोन मनगटांच्या चिमटीत धरलं होतं.
का नाही गेलात, हे मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर कागदाची किंमत वाढली असती,
हे मला ठाऊक होतं. तरी नाही.

दोन हजारांपर्यंत जायची तयारी होती.
"कंपनीन पैशे परत दिल्यान नाय," त्या म्हणाल्या.
"तू दी. साडेसात."
मी म्हटलं, बाई, याचे जास्त होतात.
"लिवलेला आसा ता दी. माका परतावो व्हयो."

खिशात पाचाची नोट निघाली, दोनाचं नाणं, एकाचं.
आठ रुपये.
त्यांनी ते दोनदा मोजले,
मग डबा ओटीवर उपडा केला
आणि आठ आणे शोधायला बसल्या.
सेफ्टीपिना, औषधाची चिठ्ठी, एका चपलेचा अंगठा,
आठ आणे काही निघेनात.
राहू द्या म्हणायची माझी छाती झाली नाही.
"आठ आणे तुझे माझ्याकडे ऱ्हवले.
फुडच्या खेपेक ने."

अल्बममध्ये प्रत्येक कागदाखाली मी लिहितो
कुठून मिळाला, कितीला.
याच्याखाली साडेसात लिहिलं. खोडलं.
आठ लिहिलं. तेही खरं नाही.
आठ आण्यांची कसर लागली आहे पानाला,
डांबराच्या गोळीनं ती मरत नाही.

मृगाच्या आत एकदा उभादांड्याला जायला हवं.
नंतर बोटी बंद होत.